रोबो, रोहित्र आणि आखाजी

जळगाव आणि धुळे या दोन्ही नावांत 'ळ' आहे, आणि या दोन्ही जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत तो 'ळ' फारसा ऐकू येत नाही. अहिराणी बोलणारा माणूस जळगावला 'जयगाव' म्हणतो, धुळ्याला 'धुये' म्हणतो. त्याच्या बोलण्यात डोळा 'डोया' होतो, काळा 'काया' होतो, फळ 'फय' होते आणि खेळ 'खेय' होतो. यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यातल्या लेवा गणबोलीतही हाच नियम चालतो. कवयित्री बहिणाबाई चौधरींमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेला 'वढाय' हा शब्द म्हणजे प्रमाण मराठीतला 'वढाळ'. नियम इतका पक्का आहे की त्याला उच्चारातली चूक म्हणताच येत नाही. संस्कृत 'जल' मराठीत 'जळ' झाला, कारण दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'ल'चा मराठीने 'ळ' केला. खानदेशाने त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले आणि 'ळ'चा 'य' केला. पहिल्या बदलाला आपण मराठी म्हणतो आणि दुसऱ्याला अशुद्ध म्हणतो. हा पंक्तिभेद भाषेच्या कोणत्याच नियमात बसत नाही.

शब्दाचे एखाद्या मुलखातले रूप म्हणजे मूळ रूपाची बिघडलेली प्रत असते का, हा या चर्चेतला खरा प्रश्न. त्याकडे पाहण्याची फार चांगली रीत जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांनी घालून दिली आहे. मोटारीची घडी उलगडली की यंत्रमानव आणि पुन्हा मिटली की मोटार, अशी ही खेळणी. त्यांच्या देशोदेशीच्या आवृत्त्यांचा अभ्यास करणारी माणसे जगभर आहेत, आणि त्यांची शिस्त व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला शिकण्यासारखी आहे.

या खेळण्यांची कुळकथा अशी. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमधल्या ताकारा कंपनीने 'डायाक्लोन' आणि 'मायक्रो चेंज' या नावांनी रूप बदलणारी खेळणी काढली. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने त्यांतली निवडक खेळणी घेतली, त्यांना नवी नावे आणि नवी कथा दिली, आणि १९८४ साली ती 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून बाजारात आणली. जपानमध्ये 'बॅटल कॉन्व्हॉय' म्हणून विकला जाणारा लाल ट्रक अमेरिकेत 'ऑप्टिमस प्राइम' झाला. पुढच्याच वर्षी ताकाराने ही नवी मालिका जपानला परत नेली, तेव्हा त्याच ट्रकला तिथे 'कॉन्व्हॉय' हे नाव मिळाले. इटलीत तो 'कमांडर' झाला. ब्राझीलमध्ये एस्त्रेला, अर्जेंटिनात अँटेक्स, मेक्सिकोत आयजीए आणि पेरूत लिन्सा अशा स्थानिक कंपन्यांनी ही खेळणी आपापल्या देशात काढली. ब्राझीलमधल्या आवृत्तीत लढणाऱ्या दोन बाजूंची नावेसुद्धा बदलली. तिथे एका बाजूला 'ऑप्टिमस' आणि दुसऱ्या बाजूला 'मॅलिग्नस' होते. अमेरिकेत पिवळा असलेला यंत्रमानव दुसऱ्या देशात निराळ्या रंगाचा निघे. असाच दुसरा वंश जपानमधल्या पॉपी कंपनीच्या 'मशीन रोबो'चा. १९८२ साली निघालेली ही खेळणी टोंका कंपनीने अमेरिकेत 'गोबॉट्स' म्हणून विकली, युरोपात ती 'रोबो मशीन' झाली आणि ऑस्ट्रेलियात 'मशीन मेन'.

आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण फनस्कूलचे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली ही कंपनी उभी राहिली आणि तिचे उत्पादन गोव्यातही होऊ लागले. हॅस्ब्रोच्या 'जी. आय. जो' या सैनिक-बाहुल्या तिने भारतात बनवल्या. साचे मूळचे, पण रंग, जोडणी आणि वेष्टन इथले. काही बाहुल्यांच्या कपड्यांना असे रंग मिळाले जे अमेरिकेत कधी निघालेच नव्हते. आज परदेशातले संग्राहक याच भारतीय आवृत्त्या मुद्दाम शोधतात.

या मंडळींची कामाची पद्धत पाहावी. साचा तोच आणि रंग निराळा, साचाच थोडा बदललेला, तोच साचा बऱ्याच वर्षांनी पुन्हा वापरलेला, आणि बाहेरच्या कुणी साच्याची चोरून केलेली नक्कल, हे चार प्रकार ते काटेकोरपणे वेगळे ठेवतात. प्रत्येक फरकाचे कारण शोधतात. २००२ साली अमेरिकेत ऑप्टिमस प्राइमची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ट्रकची धुराडी आखूड केलेली होती. मुलांच्या खेळण्यांना टोकदार भाग नसावेत या सुरक्षेच्या काळजीतून तो बदल आला होता. इटलीत गिग कंपनीच्या डब्यांवर 'ट्रासफॉर्मर' असे नाव छापलेले असे. त्यात 'न' दिसत नाही म्हणून पाहणाऱ्याला वाटते, छपाई चुकली. पण लॅटिनमधला 'ट्रान्स' इटालियन भाषेत 'त्रास' होतो, 'बदलणे' या अर्थाचे त्यांचे क्रियापद 'त्रास्फोर्मारे' असेच आहे. इटलीने आपल्या भाषेच्या नियमाने तो शब्द घेतला. खानदेश 'ळ'चे करतो तेच इटलीने 'न'चे केले, आणि संग्राहकाने त्या डब्याला चुकलेला डबा म्हटले नाही. त्याने त्याची इटालियन आवृत्ती म्हणून नोंद केली.

'साचा' या शब्दाचे मूळ संस्कृत 'सञ्चक' असे सांगतात. साच्यात जे पडते ते 'ओतीव', आणि ओतण्याचे काम करणारा तो 'ओतारी'. तांब्यापितळेच्या वस्तू ओतणाऱ्या ओताऱ्यांचे नाव मराठीत आडनाव म्हणूनही टिकले आहे. सुरुवातीच्या रूप बदलणाऱ्या खेळण्यांत धातूचे ओतीव भाग बरेच असत, पुढे प्लास्टिक वाढत गेले. प्लास्टिकच्या बाबतीत जळगावकराला काही शिकवावे लागत नाही. तिथल्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणल्या जातात, ठिबक सिंचनाच्या नळ्या आणि पाइप निघतात. कारखान्यात साच्याला 'डाय' किंवा 'मोल्ड' म्हणतात, आणि ज्या बारीक गोळ्या वितळवून माल काढतात त्यांना 'दाणा' म्हणतात. दाण्याचा भाव चढला, दाणा ओला निघाला, पुन्हा वितळवलेला दाणा मिसळला, अशी बोलणी तिथे रोजची. 'दाणा' फारसी 'दाना'वरून आला. संस्कृतातला 'धाना', म्हणजे भाजलेले धान्य, हा त्याचा चुलतभाऊ. ज्वारीचा दाणा ज्या शब्दाने मोजला, त्याच शब्दाने कारखान्यातला कच्चा माल मोजायचा, ही कारखान्यांतल्या कामगारांची स्वतःची शब्दनिर्मिती आहे. ती कोणत्याही परिभाषा समितीने केलेली नाही, म्हणून ती कोशातून निसटण्याची भीती मोठी आहे.

साच्यातून निघालेल्या वस्तूवर ठसा असतो. या खेळण्यांच्या पोटात किंवा पायाखाली कंपनीचे नाव, देश आणि साल उठवलेले असते. नवशिक्याची फसगत इथे होते. ते साल बहुधा रचनेच्या हक्काचे असते. वस्तू त्याच वर्षी बनली असे त्यावरून ठरत नाही. नव्वदच्या दशकात निघालेल्या खेळण्यावरही त्याआधीचे साल सापडते. शब्दांचेही असेच असते. शब्दाचा साचा प्राचीन असतो, पण तो आपल्या तोंडी कोणत्या काळी आला हे साच्यावरून कळत नाही. 'यंत्र' हा शब्द फार जुना. 'यंत्रमानव' हा आधुनिक. पहिल्याच्या वयावरून दुसऱ्याचे वय सांगता येत नाही.

आता 'ट्रान्सफॉर्मर' या शब्दाकडे वळू. खानदेशात हा शब्द खेळण्यांच्या दुकानातून आलेला नाही, तो विजेच्या खांबावरून आला. जळगाव हा केळीचा जिल्हा. केळीला उन्हाळाभर पाणी लागते, आणि विहिरीवरची मोटर चालायची तर शिवारातला ट्रान्सफॉर्मर धड असावा लागतो. शेतकरी त्याला 'डीपी' म्हणतो. 'डीपी जळाली' या दोन शब्दांत केळीच्या बागेचे सारे संकट मावते. महावितरणच्या कागदावर याच वस्तूचे नाव 'रोहित्र' आहे. हा शब्द सुंदर घडवलेला आहे. 'रुह्' धातूचा अर्थ चढणे, वाढणे. आणि 'इत्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय. 'खन्' वरून खणण्याचे साधन 'खनित्र', 'लू' वरून कापण्याचे साधन 'लवित्र', त्याच घडणीचे 'रोहित्र'. संस्कृतातला साचा घेऊन आजच्या वस्तूसाठी तो वापरला आहे. एकाच वस्तूची तीन नावे, तीन ठिकाणांहून आलेली: कागदावर रोहित्र, दुकानात ट्रान्सफॉर्मर, बांधावर डीपी. मराठीला तिन्हींची गरज आहे.

'ट्रान्सफॉर्मर'मधला 'फॉर्म' लॅटिन 'फोर्मा'वरून येतो, आणि 'फोर्मा'चा अर्थ आकारही आहे आणि साचाही आहे. आपल्या 'रूपांतर'ची घडण निराळी. समासाच्या शेवटी येणारा 'अंतर' हा 'दुसरा' असा अर्थ देतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरे रूप. लॅटिन शब्दात एका आकाराच्या पलीकडे जाण्याची क्रिया आहे. मराठी शब्दात क्रियेचा उल्लेखच नाही, पोहोचलेले दुसरे रूप तेवढे आहे. म्हणून 'रूपांतर होणे' किंवा 'रूपांतर करणे' असे क्रियापद आपल्याला वेगळे जोडावे लागते.

रूप बदलणाऱ्यांची आपली जुनी परंपरा बहुरूप्याची. त्यालाच 'रायरंद' असेही नाव आहे. तो 'सोंग' घेतो, आणि 'सोंग' व हिंदीतला 'स्वांग' हे एकाच घरातले शब्द. खानदेशच्या संदर्भात बहुरूप्याचा एक धागा अगदी अनपेक्षित जागी सापडतो. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ली भाषांबरोबर खानदेशी आहे, बंजारांची लभाणी आहे आणि बहुरूप्यांची बोलीही आहे. मराठीचा खंड त्याआधीच निघाला होता, आणि खानदेशीला त्यात स्थान नव्हते. अहिराणीत गुजरातीशी आणि राजस्थानीशी जुळणारी रूपे आहेत. 'आहे'ला ती 'शे' म्हणते, 'मला'ला 'माले' म्हणते. यावरून तिची जागा ठरवताना मतभेद झाले आणि आजही होतात. पण सर्वेक्षणाने एक गोष्ट नीट केली: बोलींचे नमुने नोंदवून ठेवले. म्हणून शंभर वर्षांनंतरही तो खंड उपयोगी पडतो.

यंत्रमानवाला जगाने दिलेले नाव 'रोबो' किंवा 'रोबोट'. चेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. कृत्रिम कामगारांना काय म्हणावे हे कारेलना सुचत नव्हते. 'रोबोट' हे नाव त्यांचे चित्रकार भाऊ योसेफ यांनी सुचवले. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करायचे काम. हॅब्सबर्ग साम्राज्यात ही सक्ती १८४८ मध्ये संपली, शब्द उरला. या 'रोबोता'ला मराठीत नेमका शब्द आहे: 'वेठ'. संस्कृत 'विष्टि', म्हणजे मोबदला न देता करून घेतलेले काम, हे त्याचे मूळ. ताम्रपटांत आणि अर्थशास्त्रात 'विष्टि' भेटते. पुढे फारसीतून आलेला 'बेगार' तिला चिकटला आणि 'वेठबिगार' हा जोडशब्द झाला. भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमाने बेगारीवर बंदी घातली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धत रद्द केली. प्रत्येक रोबोच्या नावात वेठीला धरलेला माणूस आहे. हे नाव घेताना हे आठवावे असे मला मनापासून वाटते.

'रोबोता'च्या मागे आणखी खोल जाता येते. इंडो-युरोपीय भाषांचे अभ्यासक तिचे मूळ अशा एका प्राचीन शब्दाशी नेतात, ज्याचा अर्थ आईबापांपासून तुटलेले, आधार नसलेले मूल असा होता. ग्रीकमध्ये त्याचा 'ऑर्फनॉस' झाला, त्यावरून इंग्रजी 'ऑर्फन'. जर्मनमध्ये त्याच मुळातून 'आर्बाइट', म्हणजे श्रम. स्लाव्ह भाषांत गुलाम, आणि गुलामाचे काम ते 'रोबोता'. ज्याला कुणी नाही त्याच्याकडून राबवून घ्यायचे, असा समाजाचा कठोर इतिहास या अर्थबदलात साठला आहे. संस्कृतात मात्र याच मुळाने दुसरे वळण घेतले. 'अर्भ' म्हणजे लहान, आणि त्यावरून 'अर्भक'. म्हणजे रोबो आणि अर्भक हे नात्यातले शब्द आहेत. एकाच साच्यातून एका मुलखात गुलाम निघाला आणि दुसऱ्या मुलखात तान्हे बाळ. मुलाच्या हातातल्या खेळण्याला हे नाव मिळावे आणि त्या नावाचे मूळ 'मूल' या अर्थापाशीच जाऊन थांबावे, याहून सुंदर योग व्युत्पत्तीच्या अभ्यासात मला माहीत नाही.

'यंत्रमानव' या मराठी शब्दातले 'यंत्र' 'यम्' या धातूवरून येते: आवरणे, ताब्यात ठेवणे. 'नियंत्रण' त्याच घरातले. 'यंत्रणा' या शब्दाच्या तर प्रांतोप्रांती फार वेगळ्या आवृत्त्या निघाल्या. हिंदीत आणि बंगालीत ती वेदना आहे, यातना आहे. मराठीत ती व्यवस्था आहे: पाणीपुरवठ्याची यंत्रणा, निवडणूक यंत्रणा. आवळून धरणे या एका अर्थातून एकीकडे पीडा निघाली, दुसरीकडे शिस्तबद्ध रचना. कोणती बरोबर आणि कोणती चूक हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. मग तो 'जळ' आणि 'जय' यांच्यात का विचारावा?

यंत्राच्या संदर्भात खानदेशाचा मान मोठा आहे. चाळीसगावजवळच्या पाटणा येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होते, त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, अशी ती हकिगत. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. ज्या ग्रंथांसाठी हा मठ निघाला, त्यांतल्या 'सिद्धान्तशिरोमणि'मध्ये (११५०) भास्कराचार्यांनी यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. पोकळ आऱ्यांत पारा भरलेले आणि एकदा गती दिली की आपोआप फिरत राहणारे चाक त्यात वर्णिले आहे. असे चाक प्रत्यक्षात अखंड फिरू शकत नाही, हे आजचे भौतिकशास्त्र सांगते. पण त्या प्रकारच्या यंत्राला असलेला शब्द अमोल आहे: 'स्वयंवह', स्वतःला स्वतःच वाहून नेणारे. 'ऑटोमॅटिक'ला मराठीत 'स्वयंचलित' रूढ झाला. त्याहून जुना आणि कमी अक्षरांचा शब्द याच मुलखात, एका मठात, शिकवला जात होता. चावीच्या गाडीला आणि सेलवर चालणाऱ्या यंत्रमानवाला तो आजही शोभेल.

वेठीचा विषय निघाला की खानदेशात 'सालदार' आठवतो. इतरत्र ज्याला सालगडी म्हणतात, तो इथे सालदार. 'साल' फारसी आणि 'दार' हा प्रत्ययही फारसी. सालदारी म्हणजे वेठ नव्हे. ती ठरवून घेतलेली, पैशाधान्याच्या बोलीची वर्षभराची चाकरी आहे. तिचे वर्ष आखाजीला सुरू होते आणि आखाजीला संपते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसते. आता हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. 'अक्षय्य' हे संस्कृत रूप जसेच्या तसे पंचांगातून आले. 'आखाजी'मधल्या 'आखा'ला मात्र प्राकृताची वाट तुडवावी लागली आहे: 'लक्ष'चा 'लाख' होतो, 'पक्ष'चा 'पाख' होतो, तसा 'अक्षय'चा 'आखा'. हिंदी मुलखातली 'आखा तीज' आणि गुजरातेतली 'अखात्रीज' ही तिची भावंडे.

म्हणजे मूळची जुनी, तोंडोतोंडी चालत आलेली वस्तू 'आखाजी' आहे. 'अक्षय्य तृतीया' हे त्याच प्राचीन साच्यावरून पुढे पुन्हा काढलेले रूप आहे, चकचकीत आणि ठसठशीत. आपण मात्र उलट समजतो. पुस्तकातला शब्द मूळ आणि खेड्यातला त्याचा अपभ्रंश, अशी आपली पक्की समजूत असते. खेळण्यांच्या बाबतीत अमेरिकेत निघालेला १९८४ चा ट्रान्सफॉर्मर हाच आद्य असे असंख्य लोक मानतात, आणि त्याच्या आधी जपानी डायाक्लोन होते हे संग्राहकच सांगतो. अस्सलपणा राजधानीत आणि नक्कल आडगावात, अशी वाटणी इतिहासात टिकत नाही.

'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्द अरबीतून आले. 'अस्ल' म्हणजे मूळ, झाडाचे मूळ असते तसे. 'नक्ल'चा पहिला अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणे असा आहे; मजकूर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेणे हा त्यातून निघालेला. म्हणून तहसील कचेरीतून सातबाराची नक्कल मिळते तेव्हा त्या शब्दात फसवणुकीचा वासही नसतो. बहुरूप्याने केलेली नक्कल, कागदाची नक्कल आणि 'नकली' माल, अशा तीन दिशांना तो शब्द पांगला. 'हुबेहूब'ही त्याच बाजूचा, फारसीतल्या 'हू-ब-हू' वरून आलेला, म्हणजे 'तोच तो'. इतिहासाच्या अभ्यासात अस्सल पत्र आणि नक्कल असा फरक काळजीने केला जातो. पण अस्सल हरवते आणि नक्कल टिकते, असेही वारंवार घडते; तेव्हा ती नक्कल हाच पुरावा असतो.

हे ज्यांनी मराठीला शिकवले ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अखेरीस धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. त्यांच्या संग्रहासाठी पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी जमवलेला धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या मागे मंडळाने छापले. मराठी व्युत्पत्तीचा एवढा मोठा संसार ज्या गावात सांभाळला गेला, ते गाव स्वतःला आपल्या बोलीत 'धुये' म्हणते. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी नाकारल्या, पण खेड्यातल्या शब्दाला पुरावा मानण्याची त्यांची वृत्ती नाकारण्याजोगी नाही.

वरून चिकटवलेली नावे आणि रुजलेली नावे यांतला फरकही या मुलखाने दाखवला आहे. यादवांच्या काळी हा भाग सेऊणदेशात मोडे. 'खानदेश'ची फोड कुणी फारुकी राजांच्या 'खान' या किताबावरून करतात, कुणी 'कान्हदेश' अशी करतात. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शाहजादा दानियाल याच्या नावावरून मुलखाचे नाव 'दानदेश' ठेवले. ते टिकले नाही. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, १९६० मध्ये त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. कागदावरची नावे इतक्या वेळा बदलली, तरी माणसे आजही स्वतःला खानदेशीच म्हणवतात.

म्हणून अहिराणी आणि लेवा गणबोली यांच्या शब्दसंग्रहाचे काम करणाऱ्यांनी संग्राहकांची शिस्त घ्यावी, असे मला वाटते. शब्द कोणत्या गावात ऐकला, बोलणारा किती वयाचा, कोणत्या समाजातला, शेतात बोलला की कारखान्यात, आणि त्याच अर्थाचे शेजारच्या तालुक्यातले रूप कोणते, हे प्रत्येक नोंदीबरोबर लिहिले जावे. 'खेय' पाहा 'खेळ', एवढ्यावर नोंद संपू नये. 'खेय'ला स्वतःची ओळ मिळावी. चटईच्या कारखान्यातला 'दाणा', बांधावरची 'डीपी' आणि जत्रेतल्या खेळण्यांना मुलांनी दिलेली नावे हीदेखील त्यात हवीत, कारण ती सर्वांत लवकर नाहीशी होतात. जळगावात बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे, धुळ्यात राजवाड्यांचे मंडळ आहे. दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरापासून सुरुवात केली, तर हे काम एका पिढीत उभे राहू शकते. आणि ते करताना एका शब्दावर बंदी असावी: 'अपभ्रंश'. त्या जागी 'खानदेशी रूप' असे लिहावे, आणि त्या रूपापुढे गावाचे नाव व साल घालावे.